निरोप कोणत्या वाटेनं धाडायचा? खेड्यातल्या नोकरीत नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

डोळे तपासणीचं शिबिर गुरुवारी ठरलं होतं. बुधवारी दुपारी कळलं की डॉक्टर येऊ शकत नाहीत, शिबिर सोमवारी होईल. मी लगेच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, शाळेचे गुरुजी, सगळ्यांचे 'ओके' आले आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. गुरुवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर 17 म्हातारी माणसं येऊन बसलेली. दिवस मे महिन्याचे. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक आजी 3 किलोमीटर पायी आली होती. मी म्हटलं, "आजी, तारीख बदलली, मेसेज टाकला होता न कालच." ती म्हणाली, "पोराच्या फोनात आला असंन बाप्पा. पोरगं त पुण्याले हाये."

तेव्हा माझ्या नोकरीला 11 वर्षं झाली होती. 'ओके' आले होते ते ज्यांना डोळे तपासायचेच नव्हते त्यांचे. ज्यांच्यासाठी निरोप होता त्यांच्यातल्या एकाकडेही तो गेला नव्हता, आणि मला ते कळायलाही मार्ग नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात गावपातळीवर काम करताना मला आता 22 वर्षं झाली. आधी ग्रामसेवक होतो (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, गाव मात्र ग्रामसेवकच म्हणतं), सध्या पंचायत समितीत आहे. दरवर्षी नवी मुलं-मुली रुजू होतात. ग्रामपंचायतीत, महसुलात, कृषी खात्यात, आरोग्य उपकेंद्रात, बँकेच्या शाखेत, शेतकरी कंपनीच्या संकलन केंद्रावर. अभ्यास चांगला असतो, मेहनतीची तयारी असते, पण पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकांची दमछाक होते ती निरोपांपायी. कुणाला फोन करायचा, कुणाला पत्र द्यायचं, काय ग्रुपवर टाकायचं आणि कशासाठी गाडी काढून जायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नीट शिकवत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

पायरी 1 : आधी वही करा

पहिल्या 15 दिवसांत एक शंभरपानी वही घ्या. मोबाइलमधली यादी नको, कागदाची वही. नंबर सगळ्यांकडेच असतात, त्या नंबरापुढची माहिती नसते. ती तुम्ही गोळा करायची.

प्रत्येक माणसापुढे लिहा : फोन साधा की स्मार्ट. तो नेमका कुणाच्या हातात असतो. घरात एकच स्मार्टफोन असला तर तो बहुतेक वेळा मुलाकडे असतो आणि मुलगा नागपूरला, पुण्याला किंवा कॉलेजात. बाईच्या नावावर नोंदलेला नंबर नवऱ्याच्या खिशात असतो. हे माहीत नसेल, तर बचत गटाच्या अध्यक्षाताईंना धाडलेला निरोप त्यांच्या आधी दुसरंच कुणी वाचतं, कधी त्यांना सांगतं, कधी सांगत नाही.

मग लिहा : माणूस घरी केव्हा सापडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी वावरात जातात त्या दिवेलागणीलाच परततात. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात रोवणी (भातलावणी) सुरू झाली की दिवसभर कुणाचे हात कोरडे नसतात, फोन उचलणार कसा. गडचिरोली-चंद्रपुरात तेंदूपानाच्या हंगामात अख्खी घरं पहाटेच जंगलात जातात. यातल्या कुणालाही दुपारी 12 वाजता फोन करून "उचलत नाहीत" असा शेरा मारणं बरोबर नाही. सकाळी 7 च्या आत किंवा संध्याकाळी 7 नंतर करा.

आठवडी बाजाराचा वारही टिपून ठेवा. त्या दिवशी गावात बैठक ठेवली तर गाव रिकामं सापडतं. उलट आजूबाजूच्या दहा गावांना एकच गोष्ट सांगायची असेल तर बाजाराइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

रेंजचंही लिहा. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या भागात किंवा भामरागडकडे काम असेल तर हे पहिल्याच दिवशी विचारा. फोन कुठे लागतो ती जागा गावकऱ्यांना नेमकी ठाऊक असते. कुणी टेकडावर जातो, कुणी शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी. ते लोक दिवसातून एकदाच तिथे जात असतील तर तुमचा सकाळचा मेसेज त्यांना संध्याकाळी मिळेल. तेवढं धरूनच तारीख ठरवायची.

शेवटी, वाचता येतं का. हे तोंडावर विचारू नका, माणूस संकोचतो. कागद हातात दिल्यावर तो कागद कुणाकडे सरकवतो ते बघा.

हीच वही कार्यालयातल्या सहकाऱ्यांचीही ठेवा. संगणक परिचालक 3 गावं सांभाळतो, तो तुमच्याकडे कोणत्या वारी असतो? कोतवाल कुठे राहतो? तालुक्याच्या बाबूंना फोन आवडतो की कागद? माझ्या एका वरिष्ठ लिपिकांना फोनवर काहीही सांगितलं तरी लक्षात राहत नसे, पण चार ओळींची चिठ्ठी टेबलावर ठेवली की काम त्याच दिवशी होई. मला हे समजायला वर्ष लागलं.

पायरी 2 : निरोप तोलून बघा

काहीही धाडण्याआधी मनाशी तीन गोष्टी विचारा. घाई किती आहे? उद्या याचा पुरावा लागेल का? आणि यात कुणाची खासगी गोष्ट आहे का?

घाई असेल तर आवाज, म्हणजे फोन किंवा माणूस. पुरावा लागणार असेल तर कागद. खासगी असेल तर एकट्यात. दोन्ही-तिन्ही असेल तर आधी फोन आणि मागून कागद. याच्यापेक्षा अवघड गणित नाही, पण गडबडीत आपण सवयीची वाट धरतो, आणि सध्या ती सवय व्हॉट्सॲपची आहे.

पायरी 3 : वरच्यांशी बोलताना कागद मागे ठेवा

नव्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. साहेब फोनवर सांगतात, "ते काम उद्यापासून सुरू करून टाका." तुम्ही सुरू करता. दीड वर्षानं लेखापरीक्षण येतं, तोवर साहेबांची बदली झालेली असते आणि आदेश कुठे आहे म्हणून विचारणा तुम्हाला होते. "तोंडी सांगितलं होतं" हे उत्तर कुठल्याच कागदावर चढत नाही. साहेब खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, त्यांना दिवसाला पन्नास फोन असतात आणि त्यांना खरंच आठवत नाही.

उपाय सोपा आहे. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी एक पत्र लिहा. असं :

विषय : वॉर्ड क्र. 2 मधील हातपंप दुरुस्तीबाबत.
संदर्भ : आज सकाळी 10.30 वाजता आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचना.
महोदय, वरील सूचनेनुसार हातपंपाची दुरुस्ती उद्यापासून सुरू करीत आहे. खर्च वित्त आयोगाच्या निधीतून करण्याचे आपण सांगितले आहे. यात बदल असल्यास कृपया आज सायंकाळपर्यंत कळवावे, ही विनंती.

भाषा नम्र ठेवा. साहेबांवर अविश्वास दाखवायचा नाही, फक्त काय ठरलं ते नोंदवायचं. पत्राला जावक क्रमांक घाला. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊन आपल्या फायलीत लावा. शिक्का मारणारे बाबू जागेवर नसतील तर पत्र टेबलावर ठेवून निघू नका, थांबा. पोच घेतली नाही ते पत्र दिलंच नाही असं धरा. तातडीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला हरकत नाही, पण कागद मागून गेलाच पाहिजे.

टपालानं पाठवायचं असेल तर एक बदल लक्षात घ्या. जुन्या नमुन्यांत 'रजिस्टर पोस्ट' छापलेलं असतं. टपाल खात्यानं 2025 मध्ये ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. तेव्हा स्पीड पोस्ट करा, पोच हवी असल्याचं खिडकीवर सांगा आणि पावती त्या पत्राच्या आपल्याकडच्या प्रतीलाच (स्थळप्रतीला) टाचा.

साहेबांना मेसेज करायचाच असेल तर "सर, थोडं बोलायचं होतं" असं लिहून थांबू नका. बैठकीत बसलेला माणूस त्याचं काय करणार? पहिल्या ओळीत काम, दुसऱ्या ओळीत तुम्हाला काय हवं, तिसरीत केव्हापर्यंत. "सर, पाणीपुरवठ्याची मोटार सकाळी जळाली. टँकरसाठी आपली मंजुरी हवी. आज 4 पर्यंत मिळाली तर उद्या सकाळी पाणी देता येईल." एवढं वाचून साहेब बैठकीतूनही 'हो' लिहू शकतात.

आवाजी मेसेज वर पाठवू नका. बैठकीत तो ऐकता येत नाही आणि नंतर शोधायचा म्हटलं तर सापडत नाही. खाली मात्र तोच फार उपयोगी पडतो. आशाताई, पंपचालक, कोतवाल, वावरातला शेतकरी, यांना अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप आपल्या बोलीत धाडला, तर चार ओळी टाइप करण्यापेक्षा तो नीट समजतो. "दादा, उद्या नळ सकाळी 6 लेच सोडजा, टाकी धुवाची हाये." बस.

पायरी 4 : ग्रुप कशासाठी आणि कशासाठी नाही

ग्रुप वाईट नाही. एकच गोष्ट एकाच वेळी पुष्कळांना कळवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन आपल्याकडे कधी नव्हतं. पण त्याचे काही व्यवहार शिकून घ्या.

ग्रुपमध्ये दोन टिकचा अर्थ एवढाच की मेसेज सगळ्यांच्या फोनवर उतरला. निळ्या झाल्या म्हणजे त्या प्रत्येक फोनवर कुणीतरी उघडला. समजला असं कुठली टिक सांगत नाही. ग्रुपमधल्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की माहितीच्या खुणेत कुणी वाचला आणि कुणाकडे नुसता पोचला याची यादी दिसते. महत्त्वाचा निरोप टाकल्यावर दोन तासांनी ती यादी बघा आणि राहिलेल्यांना फोन करा. हे करणारे फार थोडे आहेत आणि त्यांचीच कामं वेळेत होतात.

ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर ध्यानात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनात साठवलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही. नवीन रुजू झालेल्याचा नंबर कुणाकडेच साठवलेला नसतो. म्हणून पहिल्या ग्रामसभेत फळ्यावर नंबर लिहून लोकांना तो तिथेच साठवायला सांगा. पोरं शेजारच्या म्हाताऱ्यांच्या फोनातही घालून देतात.

सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि त्यात फक्त ॲडमिननं लिहायचं असं करा. नाहीतर सुप्रभातची चित्रं, वाढदिवस आणि चाळीस 'ओके सर' यांच्याखाली तुमची तारीख गाडली जाते.

यादी टाकताना हात आखडा. घरकुलाच्या लाभार्थ्यांची आधार क्रमांकांसकट यादी, बँक पासबुकाचे फोटो, क्षयरोगाच्या रुग्णांची नावं, कुणाच्या गरोदरपणाची नोंद, हे ग्रुपवर टाकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. टाकणाऱ्याचा हेतू कामाचाच होता. पण तो फोटो दहा मिनिटांत तालुकाभर फिरतो आणि परत घेता येत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी लहान गावात एका बाईचं आजारपण चारचौघांत उघडं करणं हा अन्यायच आहे. यादी द्यायचीच असेल तर ज्याला लागते त्या एकाला द्या, आणि आधारचे शेवटचे 4 आकडे सोडून बाकी झाका.

आणि कुणालाही ग्रुपवर रागावू नका. आमच्या तालुक्यात एका अधिकाऱ्यांनी एका तरुण कर्मचाऱ्याला सगळ्यांसमोर लिहिलं, "तुमचं गाव सर्वांत मागे, लाज वाटली पाहिजे." त्याच्या गावात तेव्हा पाच दिवसांपासून वीज नव्हती, ऑनलाइन नोंद तो करणार कशी? त्यानं ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यानं काहीच सांगणं बंद केलं. एक फोन केला असता तर विजेचं लगेच कळलं असतं.

पायरी 5 : सगळ्या गावाला कळवायचं असेल तर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत.

ग्रामसभेची नोटीस निदान 7 दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी तेवढी माणसं हजर लागतात, नाहीतर सभा तहकूब. (पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा, जिथे लागू आहे तिथे ग्रामसभेचे नियम वेगळे आहेत. तिथे रुजू झालात तर ते आधी वाचा.) नोटीस फलकावर लावली की कायद्याचं काम होतं, माणसं मात्र त्यानं येत नाहीत. माणसं येतात दवंडीनं, आणि दवंडीही नीट दिली तरच.

दवंडी एकदा आदल्या संध्याकाळी, सगळे घरी परतल्यावर, आणि एकदा त्याच दिवशी सकाळी. कोतवाल डफडं घेऊन जाईल किंवा घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगेल, पण काय बोलायचं ते तुम्ही लिहून द्या आणि एकदा त्याच्याकडून म्हणवून घ्या. चार गोष्टी पुरेत : केव्हा, कुठे, कुणी यायचं, काय आणायचं. "ऐका हो! उद्या गुरुवारी सकाळी 8 वाजता शाळेत डोळे तपासणी. साठीच्या वरच्यांनी या. आधार कार्ड आणा." यापेक्षा लांब केलं तर शेवटचं आधार कार्ड कुणालाच ऐकू जात नाही.

दवंडी गावठाणात फिरते. तुमच्या ग्रामपंचायतीत बंजाऱ्यांचा तांडा आहे का, कोलामांचं पोड आहे का, पारध्यांचा बेडा आहे का, हे नकाशात बघा आणि स्वतः जाऊन या. माझ्या त्या शिबिरात पायी आलेली आजी पोडावरचीच होती, आणि तिथे मी दवंडी कधी पाठवलीच नव्हती. तांड्यावर नायकाला, पोडावर नाईकाला आधी भेटून सांगा. आदर म्हणूनही, आणि त्यांनी सांगितलं की वस्ती येते म्हणूनही.

नोटिशीची एक प्रत फलकावर लावाच, पण दुसरी पानठेल्यावर, तिसरी रेशन दुकानात, चौथी गिरणीवर. फलकापुढे कुणी थांबत नाही, दळण होईस्तोवर गिरणीपुढे सगळे थांबतात. अंगणवाडीताई मुलांना सोडायला आलेल्या आयांना सांगू शकतात. बचत गटाच्या बैठकीचा दिवस ठाऊक असेल तर तिथे पाच मिनिटं मागून घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका. बायांना ग्रामसभेत बोलता येत नाही ते तिथे बोलतात, आणि पाण्याची, दारूची, शाळेच्या वाटेची खरी माहिती तुम्हाला तिथूनच मिळते.

अमरावती, वर्धा, नागपूर, यवतमाळकडच्या पुष्कळ गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थना झाल्यावर मंडळींची परवानगी घेऊन दोन मिनिटं बोललात तर गाव मनापासून ऐकतं. पण तिथे फक्त गावाच्या हिताचीच गोष्ट सांगा, करवसुलीचा तगादा लावू नका. मी एकदा लावला होता. मंडळी गप्प बसली, कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या वेळी मला बोलावलंही नाही.

पायरी 6 : जिथे जाऊनच बसावं लागतं

काही गोष्टी कुठल्याच साधनानं पोचत नाहीत. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याआधीही सूचना नव्हत्या असं नाही. डब्यावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं, पत्रकंही निघत होती. पण फवारणी करणारा मजूर ते वाचत नाही, आणि डबा विकत घेणारा तो नसतोच. त्या वर्षानंतर मी ठरवलं की ही गोष्ट वावराच्या बांधावर उभं राहूनच सांगायची. डबा हातात देऊन त्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवायचा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वारा कुठून येतो ते हातात माती धरून बघायचं. उपाशीपोटी पंप पाठीवर घ्यायचा नाही. कपाशी डोक्याइतकी वाढली असेल तर फवारा तोंडावर येतो, हे मजूर स्वतःच सांगतात, आणि मग बाकीचं ते ऐकतात. कृषी खात्यात आलेल्या मुलांना मी हात जोडून सांगतो, फवारणीच्या दिवसांत ग्रुपवर पत्रक टाकून काम झालं असं समजू नका.

दुसरी जागा म्हणजे जिथे लोकांचं मत हवं असतं. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव बघा. धानोरा तालुक्यातल्या या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय मतमोजणीनं होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसतात, आणि विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट असतो. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळीकडे माहीत झाली, त्यामागचं हे बसणं कमी लोकांना माहीत आहे. आपल्याला प्रत्येक विषयात इतका वेळ देता येणार नाही. पण गायरानाचा प्रश्न, पाण्याच्या टाकीची जागा, दारूबंदीचा ठराव असल्या गोष्टींवर ग्रुपमध्ये 'हो की नाही' विचारून गाव दुभंगवू नका. दोनदा, तीनदा बसा.

बसल्यावर भाषा कुणाची, तेही बघा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, आमच्याकडे पोडावर कोलामी, तांड्यावर गोरमाटी. तुम्ही मराठीत विचारता, समोरचा मान डोलावतो, तुम्हाला वाटतं कळलं. आशाताई त्याच गावच्या असतात, त्यांना शेजारी बसवा आणि त्यांना मध्येच थांबवून सांगायला वेळ द्या. मराठीतही कार्यालयाची मराठी घरी ठेवून जा. 'ई-केवायसी प्रलंबित आहे' याऐवजी "तुमचा अंगठा लावाचा राह्यला जी, तो लावल्याबिगर पैसे येणार नाहीत" असं म्हटलं की माणूस उठून निघतो.

निघण्याआधी एक करा. "समजलं का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी 'हो' येतं. विचारा, "काका, आता घरी काकूंना काय सांगाल?" ते जे सांगतील त्यावरून तुमचं कुठे चुकलं ते कळेल.

पायरी 7 : संकटाच्या वेळी

वीज पडली, पूर आला, साप चावला, कुणाला विषबाधा झाली, तर टाइप करत बसू नका. फोन करा. रुग्णवाहिकेला 108, बाकी सगळ्याला 112. वरच्या अधिकाऱ्यांनी उचलला नाही तर दोनदा करून थांबायचं नाही, त्यांच्या खालच्याला किंवा वरच्याला करा. फोन झाला की मग वेळेसकट एक ओळ मेसेज : कुठे, काय झालं, कुणाला कळवलं. तोच पुढे तुमचा अहवाल होतो.

पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद होतो, आणि अशा वेळी वीज आणि रेंजही टिकेल याची खात्री नसते. नदीकाठच्या कुठल्याही गावासाठी जूनच्या आधीच ठरवा : फोन बंद पडला तर कुणी, कोणत्या वाटेनं, कुणाकडे जायचं. जवळच्या पोलीस ठाण्याचं वायरलेस चालू असतं, तिथल्या लोकांशी ओळख आधीच करून ठेवा. महत्त्वाचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर आणि एक प्रत पोलीस पाटलांच्या घरी लावा. चार्जिंग संपलेल्या फोनात नंबर असून काय उपयोग.

दोन गोष्टी ज्यांची वाट कायद्यानं ठरवलेली आहे

माहिती अधिकाराचा अर्ज कुणी हातात दिला तर "आत्ताच सांगून टाकतो" असं म्हणून तोंडी निभावू नका. अर्ज घ्या, पोच द्या, आवक क्रमांक घाला. मुदत 30 दिवसांची आहे, आणि कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांची.

दुसरी गोष्ट नव्या मुलींसाठी. कामाच्या ठिकाणी कुणी त्रास दिला, मग तो साहेब असो, सहकारी असो की गावातला पुढारी, तर ती गोष्ट ग्रुपवर किंवा "मोठ्या माणसांत मिटवून" संपवायची नसते. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान कार्यालय असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी, 3 महिन्यांच्या आत. लिहायला अडचण असेल तर समितीनं मदत करायची असते. तोवर आलेले मेसेज, फोनच्या वेळा, तारखा वहीत नोंदवून ठेवा आणि काहीही पुसू नका. आणि सहकारी पुरुषांनो, अशी मुलगी तुमच्याशी बोलली तर आधी ऐका. सल्ला नंतर.

बदली झाली की

बदलीचा आदेश हाती आला की दप्तर, शिक्के, चाव्या यांचा ताबा देतो, पण वही आपण सोबत घेऊन जातो. तसं करू नका. ग्रुपचं ॲडमिनपद नव्या माणसाला द्या, त्याचा नंबर ग्रुपवर टाका, आणि तुम्ही बाहेर पडण्याआधी आठवडाभर दोघंही तिथे राहा. एक दिवस त्याला मोटारसायकलवर मागे बसवून तांड्यावर, पोडावर घेऊन जा, नाईकाशी गाठ घालून द्या. आणि वही त्याच्या हातात ठेवा. माझ्या वहीत त्या आजीच्या नावापुढे लिहिलं आहे : फोन नाही, शेजारच्या घरी निरोप द्यावा, सकाळी 7 च्या आत.